उन्हाळी पत्रकातल्या चार ओळी

हे लिहिण्यापूर्वी मी ते ज्या दोघींविषयी आहे, त्यांना वाचून दाखवले. त्यांतल्या आईने ऐकताना एकदाही मध्ये तोंड घातले नाही. मुलीने दोन वाक्ये काढायला लावली आणि ती मी काढली. त्या उन्हाळ्यात एवढे साधे काम मला सुचले असते, तर आज लिहिण्यासारखे काही उरलेच नसते.

आमची ल्यूथरन मंडळी लहान आहे. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कौलारू छपराचे प्रार्थनामंदिर आहे, समोर कडुनिंब आहे आणि सगळी कुटुंबे आली तरी मागचे दोन बाक रिकामे राहतात. चार गावांच्या मंडळ्या मिळून पाळक एकच. ते महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे येतात आणि त्याच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी होतो. बाकीच्या रविवारी आम्ही पंचमंडळी जमेल तशी उपासना चालवतो. मी वनविभागाच्या लाकूड आगारात कारकून आहे. सागाच्या ओंडक्याची लांबी, गोलाई आणि त्यावरचा हातोड्याचा शिक्का नोंदवणे हे माझे काम. अक्षर बरे आणि स्वभाव मऊ, म्हणून मला मंडळीचा चिटणीस केले. अकरा वर्षे झाली.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी चिटणिसाकडे नाव देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ती परदेशी मिशनऱ्यांच्या काळापासून चालत आली आहे. इतर मंडळ्यांतून ती केव्हाच गेली. आमच्याकडे टिकली, ती बहुधा माझ्या हट्टामुळे. ज्याला वेदीपाशी यायचे आहे, त्याने शनिवारी माझ्या घरी येऊन वहीत नाव लिहून घ्यायचे, आणि नाव लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारायचा: "मनात कोणाविषयी अढी नाही ना? कोणाशी अबोला नाही ना?" असेल तर आधी तो मिटवून यायचे. लोक चप्पलसुद्धा न काढता दारातूनच "नाई जी" म्हणतात आणि निघून जातात. मीही मान खाली घालून नाव लिहितो. प्रश्न विचारला गेला एवढेच मला पुरेसे वाटत असे.

त्या प्रश्नाला प्रश्न समजणारी मंडळीत एकच बाई होती. ती विधवा, साठीच्या पुढची. मंदिरासमोर कडुनिंबाखाली आम्ही उन्हाळ्यात तीन रांजण मांडतो. ते भरण्याचे काम तिने कोणी न सांगता अंगावर घेतले, त्याला आता तीस उन्हाळे झाले असतील. उपासनेला येणारे आणि रस्त्याने जाणारे, सगळेच ते पाणी पितात. अशा प्रत्येक शनिवारी ती माझ्या ओसरीवर टेकायची, पदराने कपाळ पुसायची आणि खरोखर विचार करून उत्तर द्यायची. एकदा म्हणाली होती, "शेजारणीच्या कोंबडीवर राग हाय, भाऊ. चालते का?"

ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या शनिवारी मात्र कपाळ पुसून झाल्यावरही ती पदर पिळत राहिली. मग म्हणाली, "जावयावर मन साफ नाई जी."

तिची एकुलती मुलगी माजरी गावी दिलेली. ती दोन महिन्यांपासून माहेरी होती. उन्हाळ्यासाठी आली आहे, असे बाई लोकांना सांगत असे. आता तिने मला खरे सांगितले: मुलगी भांडून आली होती आणि परत जायचे की नाही हे तिचे ठरत नव्हते. "तुमी इचारलं म्हणून सांगतलं, भाऊ. पोरीनं मले शपथ घातली हाय. तुमच्यापाशीच ठेवा."

मी म्हणालो, "बाई, माझ्यापाशीच राहील." मग आम्ही दोघांनी जावयासाठी प्रार्थना केली, तिने डोळे पुसले आणि मी तिचे नाव लिहिले. तेव्हा माझ्या मनात लबाडी नव्हती. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. लबाडी असती तर ती मला निदान ओळखता तरी आली असती.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी मंडळीचे उन्हाळी पत्रक काढतो. एकच पान असते. पूर्वी झेरॉक्स करून वाटायचो, आता मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि उपासनेनंतर वाचून दाखवतो. त्या वर्षी ते वाढतच गेले. उपासना सकाळी साडेसहाला सुरू होईल. वाघ दिसल्यामुळे वस्तीवरची संध्याकाळची प्रार्थना पुढील सूचनेपर्यंत बंद. मुलांची उन्हाळी शाळा दहा दिवस, येताना कात्री आणावी. नव्या कूलरमध्ये पाणी भरण्याची पाळी कोणाची, याचा तक्ता. या तक्त्यावरून पंचांच्या दोन बैठका झाल्या होत्या. कूलर ज्यांच्या अंगावर वारा फेकतो, त्यांनीच पाणी भरावे, असे एका बाजूचे म्हणणे. वारा प्रभूचा आहे, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बैठकांत वीज नव्हती. मी दोन्ही बाजूंना "बरोबर आहे" म्हणालो आणि दोन्ही बाजूंनी माझ्याशी बोलणे कमी केले.

पानाच्या शेवटी "प्रार्थनेची विनंती" हे सदर असते. तेथे चार ओळींची जागा उरली होती. मी लिहिले की, मंडळीची अनेक वर्षे निष्ठेने सेवा करणाऱ्या एका विधवा भगिनीची विवाहित कन्या माजरीहून माहेरी परतली असून तिच्या संसारात समेट घडावा व जावयाचे मन पालटावे, म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी.

मी नाव लिहिले नव्हते. नाव टाळण्यात आपण किती सावध आहोत, याचे मला समाधानही वाटले होते. सागाच्या ओंडक्याचे मोजमाप नोंदवताना जी सवय हाताला लागली, तिनेच विधवा, अनेक वर्षांची सेवा, विवाहित कन्या आणि माजरी हे सगळे नीट टिपले. आगारात एवढ्या खुणांवर शेकडो ओंडक्यांतून एक ओंडका काढून देता येतो. आमच्या मंडळीत तर अशी भगिनी एकच होती.

रविवारी मी पत्रक वाचले. बिडीच्या तेंदूपानांचा हंगाम असल्याने अर्धी मंडळी पहाटेच जंगलात गेलेली, बाकांवर मोजकी माणसे. बाई नेहमीच्या जागी, दाराजवळ. मी त्या चार ओळींवर आलो तेव्हा तिने मान वर केली नाही. मग पंचांतले ज्येष्ठ उभे राहिले आणि त्यांनी विनंतीनुसार मोठ्याने प्रार्थना केली. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि प्रार्थनेत ते मागे राहत नाहीत. "हे प्रभू, त्या जावयाची दारू सोडव," ते म्हणाले. दारूचा उल्लेख माझ्या पत्रकात नव्हता, बाईच्या सांगण्यातही नव्हता. सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा रांजणांवरची झाकणे नीट लावलेली होती आणि बाई निघून गेली होती. दुपारपर्यंत पत्रक तेंदूच्या संकलन केंद्रावर पोहोचले. पुडे बांधता बांधता लोकांनी ते फोनवर वाचले. संध्याकाळपर्यंत कोणी तरी ते, प्रार्थनेतल्या दारूसकट, माजरीला धाडले. मुलीला ते नवऱ्याकडून मिळाले. खाली त्याने एवढेच लिहिले होते: दारू कोणी सांगितली?

पुढच्या रविवारी बाई आली नाही. रांजण मात्र भरलेले होते. आम्ही जागे होण्याआधीच ती येऊन भरून गेली होती. त्याच्या पुढच्या रविवारीही तसेच. मग ईस्टरनंतरचा पन्नासाव्या दिवसाचा सण आठवड्यावर आला. त्या रविवारी पाळकसाहेब येणार होते, प्रभुभोजन होते, आणि बाई येईल की नाही ते कळत नव्हते. तीस वर्षांत तिने एकही प्रभुभोजन चुकवले नव्हते. मी बाजारात तिला गाठले. ती भाजी घेत होती.

"बाई, शनिवारी याल ना नाव द्यायला?"

तिने दोन कांदे बाजूला ठेवले. "काय सांगू येऊन? तुमी इचारान, अबोला हाय का म्हणून. घरात दोनच माणसं आहो, भाऊ, अन् एक माणूस बोलत नाई. ताट सरकवून देते, पण बोलत नाई. आईनं गावभर सांगतलं, असं वाटते तिले."

"मी पत्रकात खुलासा देतो."

"नोका देऊ," ती घाईने म्हणाली. मग अधिक हळू आवाजात, "तुमच्या पाया पडतो भाऊ, आता काई लिहू नोका."

एवढे स्पष्ट सांगितल्यावरही मी काय केले? घरी जाऊन खुलासा लिहायला बसलो. बाईच्या विनंतीचा मान राखून, कोणाचाही उल्लेख न करता, मागील पत्रकातील मजकुराबाबत दिलगिरी. पहिला मसुदा लिहिला आणि वाचताना लक्षात आले की, ज्यांनी पूर्वीचे वाचले नसेल, तेही आता शोधून वाचतील. दुसऱ्या मसुद्यात "दारूविषयी" असा शब्द आला आणि मी पान फाडले. तिसऱ्यात मी माझ्या सद्हेतूविषयी इतके लिहिले की दिलगिरीला जागाच उरली नाही. मग पाळकसाहेबांना फोन केला. ते दुसऱ्या गावी एका लग्नात होते, मागे बँड वाजत होता. ते म्हणाले, वेदीवरून सर्वांसमोर त्या कुटुंबासाठी पुन्हा एकदा प्रार्थना करू. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःचीच इतकी चीड आली की मी ओसरीवर नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. मला "नाही" म्हणता येत नाही, आणि लोक त्याला नम्रता म्हणतात. कूलरच्या भांडणात मी नम्र होतो. पाळकसाहेबांपुढे नम्र होतो. शपथ मोडून विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार ओळींच्या रिकाम्या जागेत भरताना मात्र माझी नम्रता कोठे होती?

आणि एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवत होतो. या सगळ्यात करण्यासारखे काम एकच होते आणि ते अवघड नव्हते. त्या मुलीसमोर उभे राहून सांगायचे होते की, तुझ्या आईने गावभर सांगितले नाही. तिने एकाच माणसाला सांगितले, तेही त्याने धर्माचा प्रश्न विचारला म्हणून, आणि तो माणूस मी. बाईचे घर माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मला तेथे जायला तीन आठवडे लागले, कारण ती मुलगी तिशीची होती, शिवणकाम करायची, तिच्या जिभेला धार होती, आणि मला तिची भीती वाटत होती. पानावर मी कितीही शरमिंदा होऊ शकतो. कोणी समोर बसून माझ्याकडे पाहत असेल, तर मला ते जमत नाही.

शनिवारी दुपारी दोनपर्यंत सगळ्यांची नावे आली. वहीत सर्वांत वर माझे नाव, दर वेळेप्रमाणे. स्वतःला तो प्रश्न मी अकरा वर्षांत कधी विचारला होता, ते आठवेना. वही बंद केली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि निघालो. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. डांबर चपलांना चिकटत होते.

मुलगी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर होती. पंखा तिच्याकडे वळवलेला. बाई आत होती. तिने दारातून डोकावून पाहिले आणि परत आत गेली. मुलीने मशीन थांबवले नाही.

"काऊन जी, पुढचा अंक काढून राह्यले का?"

"मी माफी मागायला आलो आहे."

"आईची मागा. मले काय."

"आईने कोणालाही सांगितलेले नाही," मी म्हणालो. "फक्त मला सांगितले. नाव लिहून घेताना मी विचारतो, तेव्हा. तिने माझ्याकडून कबूल करून घेतले होते की हे बाहेर जाणार नाही. मी कबूल केले होते. आणि तरी लिहिले."

मशीन थांबले. तिने दातांनी दोरा तोडला. आत भांड्याचा आवाज होत होता, तोही थांबला.

"नाव नाई लिहिलं म्हणून वाटलं असन, की चालते."

"हो."

"अन् समेट व्हावा म्हणून कोणी सांगतलं होतं? मले इचारलं होतं का, बाई, तुले समेट पायजे का म्हणून? साऱ्या चर्चनं हात जोडून माह्यासाठी ते मागतलं, जे मले नोकोच होतं." ती माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहू लागलो, मग बळेच वर पाहिले. "मले नाई जायाचं तिथी. हे आता तरी लिहू नोका."

"नाही लिहिणार."

"आईले मी शपथ घातली होती. तिनं तुमाले सांगतलं काऊन?"

"कारण ती खोटे बोलू शकत नाही. मी विचारले, अढी आहे का? बाकी सगळे 'नाही' म्हणून जातात. ती थांबून विचार करते."

तेव्हा पहिल्यांदा तिने आतल्या दाराकडे पाहिले. पंखा गरम वारा फेकत होता. मग ती म्हणाली, "हे इथी येऊन सांगणं सोपं हाय. तिथी चर्चात उभं राहून सांगान का? माह्यं नाई, आईचं नाई, माजरी-बिजरी काई नाई. फक्त तुमचं. नाव नाई घ्यायाचं, हे तर येतेच तुमाले."

मी "बरं" म्हणालो. पाळकसाहेबांना म्हणालो होतो तसेच. निघताना बाई दारात येऊन उभी राहिली. वाटेत मी पाळकसाहेबांना फोन लावला आणि त्या कुटुंबासाठी उद्या वेदीवरून प्रार्थना करू नये, असे सांगितले. त्यांनी विचारले, "अहो, पण का?" मी म्हणालो, "त्यांना नको आहे, साहेब." त्यांना राग आला असावा. त्यानंतर आम्ही हवामानाविषयी बोललो.

रविवारी सकाळी सहाला मंदिर उघडायला गेलो तेव्हा बाई रांजणाशी होती. घागर रिकामी करत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बोलली काल जेवताना."

"काय म्हणाली?"

"भाजीत मीठ जास्त झालं म्हणे." तिने घागर खाली ठेवली. "खरंच झालं होतं. मी आयकत होतो ना तुमचं बोलणं आतून, मीठ दोनदा पडलं." मग पदराने हात पुसत ती म्हणाली, "शनिवार तर गेला. लिहिता का नाव?"

नाव शनिवारीच द्यायचे असते. हा नियम अकरा वर्षे मीच राखला होता आणि त्यापायी चार जणांना परत पाठवले होते. मी वही उघडली आणि कडुनिंबाच्या पारावर ठेवून तिचे नाव लिहिले. प्रश्न विचारला नाही. मग पानाच्या वरच्या टोकाचे माझे नाव खोडले. तिने ते पाहिले. ती म्हणाली, "हे काऊन?" आणि उत्तराची वाट न पाहता दुसरा रांजण भरायला गेली.

उपासनेनंतर, प्रभुभोजनाआधी, सूचना वाचल्या जातात. कूलरचा नवा तक्ता वाचला. उन्हाळी शाळेत विसरलेल्या कात्र्या न्याव्यात, असे सांगितले. मग कागद खाली ठेवला. मला दोनच वाक्ये बोलायची होती आणि ती मी पाठ केली होती. मी म्हणालो, "एका व्यक्तीने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी बाहेर सांगितली. त्यासाठी मी आज वेदीपाशी येणार नाही."

मग मी मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसलो. रांग पुढे सरकली. बाई सर्वांत शेवटी गेली आणि तिने गुडघे टेकले, तेव्हा मला तिची पाठ दिसत होती. मुलगी आली नव्हती. ती यावी असे मला वाटत होते, पण तसे वाटण्याचा अधिकार मला नव्हता.

बाहेर आलो तर कडुनिंबाखाली लोक घोळक्याने उभे होते. मी येताच बोलणे थांबले. ज्येष्ठ पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या दृष्टीने हळू, म्हणजे सर्वांना ऐकू जाईल असे, विचारले, "ते कोणाबद्दल होतं जी?"

मी म्हणालो, "ते सांगता येणार नाही."

"बरं, बरं." त्यांनी मान हलवली. मग त्यांना काही सुचले. "मग असं करू. पुढच्या पत्रकात प्रार्थनेची विनंती टाकू तुमच्यासाठी. मनानं खचलेल्या मंडळीच्या एका सेवकासाठी. लाकूड आगारातल्या. तुमचं नाव काई टाकत नाई, काळजी नोका करू."

माझ्या अंगाचा संताप झाला. मी तोंड उघडले आणि "नको" असे म्हणालो. बहुधा मोठ्याने म्हणालो, कारण रस्त्यावरचा सायकलवाला वळून पाहू लागला. ज्येष्ठांनी हात काढून घेतला.

रांजणाशी बाई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता. "टाकू द्या ना, भाऊ," ती म्हणाली. "आता समजन कसं वाटते ते."

मग तिने गडूभर पाणी काढले, पाण्यासाठी माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोघांना आधी दिले, आणि त्यानंतर मला.